डावी बाबांची, उजवी काकांची

३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्यापासून पत्र नाही म्हणून रागवा, पण आधी वाचा. तुम्ही दोघांनी मिळून बॉडी बांधलेली शेवटची स्पोर्ट्स कार दुरुस्तीला माझ्याकडे आली आहे. डावं मडगार्ड बाबांचं, हात फिरवला तर कुठे अडत नाही. उजव्यावर पत्र्यात उठवलेली तुमची धार, दिव्यापासून दारापर्यंत. त्या धारेवरूनच तुमचं फाटलं. पुढे दोघांचं काम वेगळं झालं; खालची चासी तीच, पण बाबांच्या बॉड्या गोलाईच्या आणि तुमच्या धारेच्या.

तुमच्या मडगार्डची खालची कड गंजली आहे. मालक म्हणतात, दोन्ही बाजू एकसारख्या करा, नाहीतर गाडी दुसरीकडे नेतो. मी साफ नाही म्हटलं. ही एकसारखी झाली तर तुम्ही दोघं एकेकाळी एकत्र होता हे दाखवायला माझ्याकडे काही उरणार नाही. पण ती धार मला जमत नाही. कशी काढलीत ते कळवा.

काकूंना नमस्कार. रागासोबत थोडी मायाही असू द्यावी.

तुमची,
ठिणगी

१० मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

हट्ट थेट दादावर गेला आहे, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही. धार लिहून सांगता येत नाही. मालकाच्या मनासारखं कर आणि मोकळी हो. फक्त दादाच्या बाजूला हात लावू नकोस. बदलायची तर माझी बदल. त्याची आता पुन्हा कोणी करणार नाही, माझी मी कधीही करू शकतो.

अक्षरावरून तू वेळेवर जेवत नाहीस असं काकू म्हणते. तेवढं बघ.

तुझा काका

१६ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

‘माझी मी कधीही करू शकतो’ हे तुमचं वाक्य मी मालकांना वाचून दाखवलं. ते गाडीभोवती फिरले, दोन्ही मडगार्डांवरून हात फिरवला आणि म्हणाले, ज्यांनी केली तेच दुरुस्त करणार असतील तर आहे तशी राहू द्या. नाहीतर एकसारखी.

‘दादाच्या वर्कशॉपचा उंबरा ओलांडणार नाही’ ही तुमची शपथ मला माहीत आहे. म्हणून मागचं शटर उघडं ठेवते. त्याला उंबरा नाही.

वाट बघणारी,
ठिणगी

२१ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

शटरचं वाचून काकू पोट धरून हसली आणि माझी बॅग भरून मोकळी झाली. सोमवारी येतो. हातोडी दादाचीच काढून ठेव.

त्याची बाजू झाकून ठेव, असं लिहिणार होतो. पण झाकू नकोस. धार कुठे संपवायची ते तिच्याकडे बघूनच ठरवावं लागेल. तेव्हाही तसंच ठरवलं होतं.

बाकी भेटीत. लोभ आहेच तुझा, तो तसाच राहू दे.

तुझा काका