छापखान्यातली दुपार

तीर्थरूप काकांना,

तुमच्या पुतणीचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? काकू तुम्हाला जिना चढू देत नाहीत असं कळलं, बरंच करतात. (तुम्ही त्यांचं ऐकत नाही, हेही कळलं.) मी खुशाल आहे. फक्त नोकरीवर गदा येता येता राहिली, ते सविस्तर कळवते.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी वास्तुकलेच्या मुलांना जुन्या इमारती पाडण्याऐवजी डागडुजी करून वापरायला शिकवते. (तुम्ही याला ‘म्हाताऱ्या भिंतींचे लाड’ म्हणता.) वर्ग भरतो कॉलेजमागच्या बंद पडलेल्या छापखान्यात. तो पाडून तिथे काचेची इमारत उभी करायचा हुकूम निघालाय, फक्त शेवटची सही बाकी होती, म्हणून परवा प्राचार्य एका तपासणी अधिकाऱ्यांना घेऊन येणार होते. मी ठरवलं, साहेबांनी नुसतं बघत राहावं असं काम मुलांकडून करून घ्यायचं. सकाळभर आम्ही चुना मळला आणि एका भिंतीचा फुगलेला गिलावा उतरवून नवा चढवला. निम्मा भिंतीवर बसला, निम्मा आमच्या केसांत. जेवणं झाल्यावर मी हवा शिकवायला घेतली: जाड भिंत उन्हाला बाहेरच थोपवते, खालच्या खिडकीतून गार वारा शिरतो, तापलेली हवा वरच्या झरोक्यातून निघून जाते. वारा डोळ्यांना दिसावा म्हणून आढ्याला कागदाची एक लांब पट्टी टांगली होती. ती हलायला लागली. सावकाश, पाण्यातल्या शेवाळासारखी. झरोक्यातून उतरलेल्या उन्हात चुन्याची धूळ तरंगत होती, ओल्या भिंतीचा गार वास येत होता. मागच्या बाकावरची मुलगी आधी पेंगली, मग एकेक बाक कलंडला. “डोळे उघडे ठेवा” असं मी म्हणाले असावे, कारण स्वप्नातही मी तेच म्हणत होते. फक्त स्वप्नात छापखान्याची होडी झाली होती आणि भिंती श्वास घेत होत्या.

जाग आली ती घोरण्यानं. समोर लालबुंद प्राचार्य उभे, आणि शेजारच्या बाकावर, बूट काढून, तपासणी अधिकारी गाढ झोपलेले. (साहेबांची झोप मोडायची प्राचार्यांची छाती होईना, त्यामुळे माझी खरडपट्टी कुजबुजत निघाली. कुजबुजीला काही धार येत नाही.)

साहेब उठले ते थेट भिंतीपाशी गेले आणि तळवा टेकवून उभे राहिले. एसी कुठे लावलाय, असं विचारलं. नाहीच म्हटल्यावर त्या पट्टीकडे बघत राहिले. प्राचार्य म्हणाले, मुलं झोपतात हीच तर इथली अडचण आहे. त्यावर साहेब हळूच म्हणाले, “बायको गेल्यापासून मला धड झोप नाही. ही इमारत पाडायला माझी सही मिळणार नाही.”

मी डोळे पुसले आणि चुना गेला म्हणून सांगितलं.

काकूंना नमस्कार.

तुमची,
पुतणी

ता. क. साहेबांचा नकार टेबलाटेबलांवरून फिरत खाली यायला वेळ लागेल. तोवर पाडकामाचा जुना हुकूम कायम आहे आणि काम सोमवारी सुरू होणार आहे. ठेकेदार कोण ते आजच कळलं. काका, एका शब्दानं बोलला नाहीत.

ता. ता. क. तुमची यंत्रं ठरल्या दिवशी कधीच पोचत नाहीत, अशी सगळीकडे ओरड आहे. कृपा करून या सोमवारीही आपल्या घराण्याचं नाव राखा.