वालूरचा मुक्काम

आबा,

आज अंग असं ठणकतंय की पेन धरायलाही बोटं तयार नाहीत. काल मी तुमचा फेरा केला. परभणीहून मानवत, पाथरी, सेलू, वालूर, बोरी, झरी आणि परत परभणी. चुना विकत तुम्हाला दोन दिवस लागायचे, मी एका दिवसात आलो. लगेच कौतुक करू नका. माझ्या सायकलीला गिअर होते, मागे कळीच्या चुन्याची गोणी नव्हती आणि सोबत शहरातल्या सायकल ग्रुपची मंडळी होती. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर रंगीत चष्मे आणि अंगाला चिकटलेल्या चड्ड्या. तसली एक चड्डी त्यांनी मलाही घालायला लावली. तुम्ही असता तर मला दारातूनच परत फिरवलं असतं, आणि तुमचं बरोबरच असतं म्हणा. या मंडळींना जुनी गावं आणि बारवा बघायच्या होत्या, त्यांनी नकाशावर जो रस्ता आखला तो नेमका तुमचाच निघाला. मी नाव दिलं.

माय आहे अजून. ऐंशीच्या पुढे गेलीय. माणसं विसरली, मला कधी भाऊ म्हणते, कधी डॉक्टर. पण तिन्हीसांजेला दिवे लागले की बाजेवर उठून बसते, दाराकडे तोंड करते आणि विचारते, "आले का रे तुझे आबा?" फेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन पाय धुऊन ताटावर बसेपर्यंत ती घास तोंडात घालायची नाही, तेवढं मात्र तिच्या डोक्यात पक्कं राहिलंय. आता रोजच फेऱ्याचा दुसरा दिवस असतो. सुरुवातीला मी खरं सांगायचो. तुम्ही गेलात हे ऐकून ती दर वेळी नव्याने ऊर बडवून रडायची. ते बघवेना, म्हणून मग खोटं सुरू केलं. "यायलेत, बोरीपर्यंत आलेत," म्हणायचो. ती म्हणायची, "मग येऊ दे की. दोघं मिळून जेवू." दुपारी दोन घास खाते तेवढेच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. तिचे हात बांधून ठेवावे लागतील, कारण ती नळी ओढून काढणार हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. "आले" म्हणावं, तर दाखवू कुणाला?

मी थकलोय, आबा. हे घरात कुणाला सांगता येत नाही. विद्यापीठातल्या ऑफिसातून निवृत्त झालो तेव्हा लोकांनी हार घातले, आता आराम करा म्हणाले. बायको शाळेत शिकवते, ती दिवसभर बाहेर. मी आणि माय घरात समोरासमोर. तिला उठवायचं, न्हाऊ घालायचं, लुगडं बदलायचं, आणि संध्याकाळ झाली की तुमची वाट बघायची. कधी कधी ती विचारायच्या आधीच मी उठून परसात जातो. ग्रुपचं कळल्यावर बायकोच म्हणाली, "आरशात तोंड बघा एकदा. रविवारी मी हाय घरी. जा तुमी." मी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा तिने म्हणायची वाट न बघता सायकलमध्ये हवा भरली.

मानवतपर्यंत मला तुमची पिंगळीजवळची भट्टी आठवत होती. काळ्या रानातून वेचून आणलेल्या चुनखडीचे खडे, त्यांचा ढीग, कोळसा, आणि भाजून निघालेला तो पांढरा हलका चुना. मी सात-आठ वर्षांचा असेन. तुम्ही गोणी शिवत होता आणि मी तांब्यातलं पाणी गंमत म्हणून एका ढेकळावर ओतलं. ते तडकलं, फसफसलं, वाफ माझ्या तोंडावर आली. तुम्ही मला दंडाला धरून असं मागे ओढलंत की मी बसलोच. मारलं नाहीत. "तहानलेला दगड हाय त्यो," म्हणालात. "पाणी दिसलं की पेटतोय. परत हात लावलास तर बघ." म्हणून तर ढग दिसला की तुमचा जीव खालीवर व्हायचा, स्वतः भिजायचात पण मेणकापड गोणीवर टाकायचात. मला न्या म्हटलं की एकच उत्तर, "लय तरास हाय त्या फेऱ्यात. तुझं काम न्हाई." त्यामुळे माझ्या मनात तो फेरा म्हणजे नुसता त्रास होता. ऊन, चढ, घासाघीस करणारी गिऱ्हाइकं आणि वालूरला परक्याच्या ओसरीवर काढलेली रात्र.

पाथरीपर्यंत पाय चालत होते. पाथरीतून सेलूकडे वळल्यावर वारा तोंडावर आला आणि सगळी हौस फिटली. रस्त्याच्या कडेला जिथे खोदलंय तिथे काळ्या मातीखालून पांढरी चुनखडी दिसते, तिची धूळ घामावर बसली. ग्रुपमधली पोरं पुढे निघून गेली. मी मागे एकटाच, एका पायावर जोर, मग दुसऱ्या पायावर. एका ठिकाणी उतरून चालतच चढ चढलो. शेळ्या राखणारी एक बाई म्हणाली, "भाऊ, इतकी भारी सायकल, अन् ढकलायलात कामून?"

वालूरला ग्रुप बारव बघायला उतरला. गोल गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या, माणसं वाकून वाकून फोटो काढत होती. मी वर हॉटेलात चहा मागितला. गल्ल्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. बोलता बोलता मी सांगितलं, माझे वडील इथे चुना विकायला यायचे.

"काळी सायकल? मागं गोणी? परभणीचे?" ते गल्ला सोडून बाहेरच आले. "अहो, हॉटेल माझ्या बापाचं होतं तवा. इथंच चहा प्यायचे."

"तुमच्याकडे चुना बराच खपत असेल," मी म्हणालो. "मुक्कामच करायचे इथे."

ते हसले. "कशाचा चुना हो! माल समदा सेलूतच संपायचा त्यांचा. वालूरला रिकामी गोणी घेऊन यायचे, अन् ते बी दुपारच्याला. त्या बारवेच्या पायरीवर बसायचे, गोणी उशाला घेऊन आडवे व्हायचे. बापानं एकदा इचारलं, दिवस हाय अजून, अंधाराच्या आत परभणीला पोचताल की. तर म्हणाले, जाईन की उद्या. इथं मला कोणी हाका मारत न्हाई."

आबा, मला तुमचा राग आला. खोटं कशाला बोलू? चहा तसाच ठेवून उठलो. माय तिकडे उपाशी आणि तुम्ही इकडे रिकामी गोणी उशाला घेऊन झोपलेले. आम्ही पोरं तुमच्या सायकलीची घंटा ऐकायला दारात उभी राहायचो. आणि तेवढ्या वाट बघण्यापायी आज ती बाई अन्न सोडून बसलीय, तिला नळी घालायची वेळ आलीय. बोरीपर्यंत मी तुमच्याशी मनात भांडत सायकल हाणली. रागाने पाय बरे चालतात. मात्र बोरीच्या पुढे राग टिकवायलाही अंगात त्राण उरलं नाही.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बायको दारातच. "माय दुपारपासून पाण्यावर हायेत. ताट तसंच ठेवलंय," म्हणाली. माय बाजेवर बसली होती, दाराकडे तोंड करून. मी सायकल भिंतीला लावली आणि आत पाऊल टाकलं. त्या चुनखडीच्या धुळीने मी तुमच्यासारखाच डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालो होतो. तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आलात?" म्हणाली.

मी बायकोकडे बघितलं. मग म्हणालो, "आलो."

"पाय धुवा जावा."

मी पाय धुऊन आलो. बायकोने दोन ताटं मांडली. वरणात भाकरी कुस्करून दिली, तशी माय माझ्या ताटाकडे बघत, मी घास घेतला की घास घेत, आख्खी भाकरी जेवली. किती महिन्यांनी ते मलाही आठवत नाही. बायको पाणी आणायचं निमित्त करून आत गेली, ती लवकर बाहेर आलीच नाही. मला वाटलं, आता झोपेल. पण माय जरा पुढे सरकली आणि कुणी ऐकू नये तसं बोलली.

"आज जल्दी आलात."

"हो."

"उद्या आला असता तरी चाललं असतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "राग नका धरू. तुमी फेऱ्याला गेलात की मला लय निवांत वाटतंय. येरवाळी, कोंबडं आरवायच्या आदी उठायचं न्हाई. लेकराइला गूळ-शेंगदाणे देते अन् पडून ऱ्हाते. कोणी हे दे, ते दे म्हणत न्हाई. दुसऱ्या दिशी मग तुमची याद येते, घास उतरत न्हाई. पर पयला दिस लय गोड जातोय."

मला हसू आलं. मग तुमच्याबद्दल जे कळलं होतं ते तुमच्यातर्फे बोलून टाकलं. "मी बी वालूरला उगीच राहतो. काम नसतं तिथं."

ती हसली. तोंडात दात नाहीत, पण अशी हसली की मला तिचा तरणा चेहरा दिसला. "मला काय ठाव न्हाई व्हय? माल तर सेलूतच खपतोय तुमचा. सेलूहून येनारी मानसं सांगतेत की. बसावं की मानसानं घडीभर. मी कदी इचारलं का?"

आणि आडवी होऊन घोरायला लागली.

आज सकाळी मायने चहा-पोळी खाल्ली. संध्याकाळी परत विचारलंच, "आले का रे?" मी सायकलवरची धूळ हाताला फासून, पाय धुऊन समोर बसलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि अर्धी भाकरी जेवली. उद्या हे चालेल की नाही ठाऊक नाही. डॉक्टरांना सध्या थांबा म्हटलंय.

हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठे, आणि घरात ठेवायचीही सोय नाही. बायकोच्या हाती लागेल. काल तिने विचारलं, बाकीचे पाचलाच पोचले, तुमाला एवढा उशीर कामून? मी पंक्चर झालं म्हणून सांगितलं. पंक्चर झालं नव्हतं, आबा. झरीच्या पुढे एका कडुलिंबाखाली सायकल आडवी टाकून मी झोपलो होतो, आणि जागा झाल्यावरही बराच वेळ उठलो नाही.