गार वांग्याचा निकाल

अव्वा, टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत मी पहिला आलो आणि त्याची काचेची ढाल आता गल्ल्यामागच्या फळीवर उभी आहे. पण ती काय भावानं पडली ते आधी सांगतो, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. हॉटेलला आठवडाभर कुलूप. रोजची दोन गिऱ्हाइकं त्या आठवड्यात समोरच्या डोसेवाल्याकडे बसायला लागली, ती अजून परतलेली नाहीत. उजव्या मनगटावर तेलाचा एक डाग. मिशीचा डावा काठ, जो मुंबईच्या स्टुडिओतल्या मेकअपवाल्यानं 'सर, दोन्ही बाजू सारख्या करतो' म्हणत उडवला. आणि तुझा लोखंडी तवा, जो तिथं कुणीतरी माझ्या माघारी साबणानं घासून लख्ख करून ठेवला. त्याला पुन्हा वळणावर आणायला अख्खा पावसाळा गेला. एवढं देऊन ती ढाल घरी आली. सौदा वाईट झाला असं मात्र मी म्हणणार नाही.

कारण आज तू सात रस्त्यावर कुणालाही विचार. अंतिम फेरीत परीक्षकबाईंनी माझं भरलं वांगं तोंडात घातलं, डोळे मिटले आणि 'वा' म्हटलं, तो 'वा' सगळ्या सोलापुरानं ऐकलाय. माझ्या हॉटेलातल्या टीव्हीवर तेवढा तुकडा दिवसभर फिरत असतो. अक्कलकोटला दर्शनाला जाणारी माणसं वाट वाकडी करून येतात, बसायच्या आधी टीव्हीकडे बघतात आणि म्हणतात, "ते वा वालं वांगं द्या." नावच पडलंय तसं.

तुझ्या खाणावळीत टीव्ही नव्हता. एक रेडिओ होता, तोही तू जेवणाच्या वेळी बंद करायला लावायचीस. का, तर ऐकू येत नाही म्हणून. तू चुलीपुढं, पंगत भिंतीपलीकडं, आणि मध्ये भाकरी सरकवायची खिडकी. जेवणाऱ्याला 'कसं झालंय' असं विचारायला तुझी सक्त बंदी होती. "इचारल्यावर कोन वाईट म्हनंल? हितं बसून ऐक की." मग मी ऐकायला शिकलो. भाकरी मोडल्याचा आवाज, आमटीचा भुरका, ताटावर बोट फिरल्याचा आवाज. भाजी जमली नसली की माणसं बोलायला लागतात, पाण्यापावसाचं, मिलमधल्या भांडणाचं. जमली की गप्प होतात. पंगत गप्प झाली की तू कालथा खाली ठेवायचीस आणि कानडीत स्वतःशीच 'साकु' म्हणायचीस. पुरे. त्यापलीकडची शाबासकी मी तुझ्या तोंडून ऐकली नाही.

आणि तो दिवस. मी पहिल्यांदा सगळी वांगी एकट्यानं केली होती, शेंगदाण्याचं कूट, तीळ, काळं तिखट, सगळं माझ्या हातचं. पंगत वाहवा करत उठली. मिलमधला जॉबर, कामगारांवरचा तो मुकादम, हात धुताना खिडकीत वाकून म्हणाला, "अव्वा, पोरगं तुमच्या पुढं गेलं की!" तू म्हणालीस, "जेवलासा न्हवं पोटभर? झालं तर." मग सगळे गेल्यावर, दुपार पार कलल्यावर, तू भिंतीला टेकून तुझं ताट घेतलंस. तळाचं एक वांगं, वर तेल धरलेलं, गार. खाल्लंस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "मीठ मागनं वर आलंय."

मी चिडलो. म्हटलं, गरम असताना बरोबर होतं, एवढ्या माणसांनी वाखाणलं. "गरम भाजी तोंड भाजून मानसाला गप करती, मगा. गार झाली की तिच्या पोटातलं बोलती." मगा म्हणजे लेकरा, रागावलीस की तू कानडीतच लेकरा म्हणायचीस. मी म्हटलं, "मग तू गरम असताना का खात न्हाईस?" तर तू माझ्याकडं असं बघितलंस, जणू मी देवळात चप्पल घालून आलोय. "सगळी जेवल्याबिगर?" मला तेव्हा तो शुद्ध अन्याय वाटला. अख्खं जग मला गरम ताटावर जोखतंय आणि ही एक बाई गार ताटावर. पण तेव्हापासून सवय लागली ती लागली. आजही माझ्या हॉटेलात सकाळच्या भाजीची एक वाटी झाकून बाजूला राहते, आणि दुपारी ती गार चाखल्याशिवाय संध्याकाळच्या भाजीत मीठ पडत नाही.

तर ही स्पर्धा धंद्यातल्या स्वयंपाक्यांची होती, ज्यांचं पोट तव्यावर चालतं त्यांची. बघणाऱ्याला वाटतं, घंटा वाजली, हात वर झाले, लगेच परीक्षकांनी घास घेतला. तसं नसतं. घंटा वाजल्यावर आधी ताटाचे फोटो. मग दिवे इकडून तिकडं. मग परीक्षकांच्या कपाळावरचा घाम टिपायचा. ज्याचा नंबर पहिला त्याचं अन्न निदान कोमट असतं, शेवटच्याचं पार निवलेलं. कोल्हापूरचा एक चांगला स्वयंपाकी मधल्या फेरीत यानंच गेला. त्याच्या पांढऱ्या रश्श्यावर साय धरली आणि परीक्षकबाई म्हणाल्या, पोत बिघडलाय. पिशवी भरताना तो मला म्हणाला, "दादा, ह्याला परीक्षा म्हनत्यात व्हय? हे म्हंजे पळायच्या शर्यतीत एकाला शेवटी सोडायचं आन् म्हनायचं, हा हळू पळतो." मी मान हलवली. त्या फेरीत माझा नंबर पहिला होता.

अंतिम फेरीत मी आणि मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलचा मुख्य शेफ. परदेशात शिकलेला, बोलायला मऊ, सुरीला धार अशी की बघत राहावं. त्यानं सुरमई केली, कातडी कुरकुरीत, खाली कोकम घातलेलं लोणी. मी भरलं वांगं, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. चिठ्ठीत माझा नंबर पहिला आला. बाईंनी वाफाळतं वांगं चाखलं आणि म्हणाल्या, "छान आहे. साधं, पण छान." पाठोपाठ चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज मी ऐकला. बाकीचे दोघं परीक्षक, एक हॉटेलविद्येचे निवृत्त मास्तर आणि एक नट, तेही एकेका घासावर थांबले. आणि मग त्या शेफची पाळी येणार तोच वरचा एक मोठा दिवा फट्‌दिशी फुटला. काचा झाडायच्या, दुसरा दिवा आणायचा. सगळे पांगले. तो आपल्या ताटाशेजारी तसाच उभा. लोणी कडेनं पांढरं व्हायला लागलेलं. तेवढ्यात पडद्यामागून कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, ते मी ऐकलं: "गार झालं तर होऊ दे रे. चेहरे कॅमेऱ्यात मिळाले की झालं."

तुला खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो हाच की, ढाल आली. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला, पण आला. मी दिग्दर्शकबाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, त्यांना मासा पुन्हा तळू द्या. दहा मिनिटांचं काम."

"काका, नियमात बसत नाही. घंटा झाली, विषय संपला."

"मग माझंही गार झाल्यावर चाखा. मघाचे गुण फाडून टाका."

"काका, तुमचं छान झालंय की! कशाला उकरून काढताय?"

"पंगतीत एकाला तव्यावरची भाकरी अन् दुसऱ्याला दुरडीतली गार, असं वाढायची आमच्यात रीत नाही."

त्या मुख्य शेफनं हे ऐकलं. तो जवळ आला, माझ्या वांग्याकडे बघितलं. धंद्यातला माणूस, त्याला काय सांगायला लागतं? हसून हळूच म्हणाला, "दादा, भरलं वांगं निवलं की चढतं. तुम्ही मला उचलताय की पाडताय?"

मी म्हटलं, "नको असंल तर नको म्हणा. मी गप बसतो."

त्यानं आपल्या पांढऱ्या पडत चाललेल्या लोण्याकडं बघितलं. "नाही. एक गरम, एक गार यापेक्षा हे बरं. चाखू दे."

परीक्षकांत कुजबूज झाली. नटाला घरी जायची घाई होती. पण मास्तरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. मी इतकी वर्षं पोरांना हेच शिकवत आलोय आणि इथं विसरलो." गुणांचे कागद फाडले. नवा दिवा लागला. आधी त्याचं ताट गेलं. मी मुद्दाम पाठ केली, पण कानाला झाकण नसतं. काय ऐकू आलं ते पुढं सांगतो. मग माझं ताट गेलं.

परीक्षकबाईंनी भाकरी मोडली. कट्‌. आवाज पकडणाऱ्या माणसानं कानावरची डबडी वर केली इतका तो खणखणीत आला. वांग्याचा तुकडा, घास. आणि मग काहीच नाही, अव्वा. दुसरा घास. तिसरा. चमच्याला हात नाही, बाजूच्या दोघांशी बोलणं नाही. पलीकडून दिग्दर्शकबाई हातवारे करतायत, बोला, काहीतरी बोला. परीक्षकबाईंचं लक्षच नाही. शेवटच्या तुकड्यानं त्यांनी बशीतलं तेल पुसून घेतलं, तेव्हा मी गुण वाचून दाखवायची वाट बघायची सोडली. पंगत गप्प झाली होती. मी मनातल्या मनात 'साकु' म्हटलं आणि मिशीच्या उरलेल्या काठावरून हात फिरवला. थोड्या गुणांनी का होईना, जिंकलो. शेफनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "गार वांग्याला हरलो हे मी घरी सांगणार नाही."

सोलापूर स्टेशनावर हलगी होती, गुलाल होता. मिरवणुकीत एका वळणावर गळ्यात एवढे हार की मला समोरचं दिसेना. आणि ज्या दिवशी तो भाग टीव्हीवर लागला, त्या दिवशी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर पोरं उभी, तरी मी एकालाही उतर म्हटलं नाही. बघतो तर त्यात दिवा फुटलेला नाही. गुण फाडलेले नाहीत. मास्तरांचा चष्मा नाही. न्यायात चूक झाली होती आणि ती दुरुस्त केली, हे त्यांना दाखवायचं नव्हतं. आणि कुणी गप्प बसून जेवतंय, याला टीव्हीवर किंमत नाही. पडद्यावर मी ताट ठेवतो, बाई घास घेतात, डोळे मिटतात आणि 'वा' म्हणतात. हॉटेल दणाणलं. शिट्ट्या, टाळ्या. शेजारच्या साडीच्या दुकानाचा मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय राव, बाईला रडवलासा की!" मीही हसलो, सगळ्यांबरोबर टाळी वाजवली.

हे लिहिलंय, पण ठेवणार कुठं ते ठरलेलं नाही. तुला वाचायला येत नव्हतं. जिथं असशील तिथं कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि तू ऐकत असलीस की आजूबाजूचे चार जण ऐकतातच. म्हणून पाठवत नाही. घास माझ्या वांग्याचाच होता, पण पाठ करून मी ऐकलेला तो 'वा' परीक्षकबाईंनी सुरमईवर म्हटला होता.