झडपांची नावं मला पाठ होती

प्रिय आये,

आज मुख्याध्यापकांशी भांडून आलेय. घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून पाठकोऱ्या कागदावर तुला लिहायला बसले. राग तुझ्यावरही आहेच, तेव्हा दोघांचं एकदमच उरकते.

झालं असं, की आठवीच्या वर्गात रुधिराभिसरण शिकवत होते. फळ्यावर हृदय काढलं, चार कप्पे, लाल-निळ्या खडूचे बाण. मग मुलींना म्हटलं, आज घरी गेलात की आईच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरा आणि खड्डा राहतो का बघा. सर दारात उभे! लगेच ऑफिसात बोलावणं. "बाई, हे पुस्तकात कुठे आहे? तुम्ही काय डॉक्टर आहात? पोर्शन पुरा करा."

पोर्शन! माझा तर नववीतच पुरा झाला होता, आये. आठवतंय ना?

एक्याऐंशी साल. तुझे पाय संध्याकाळपर्यंत टम्म फुगायचे, पण वर्सोव्याच्या आपल्या गल्लीत त्याचं कुणाला काय! बर्फाच्या पाण्यात पाय ठेवून मासळी विकणाऱ्या बायकांचे पाय सुजणारच, असं सगळ्याच म्हणायच्या. एकीनेही डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि त्याचाच सगळ्यांना अभिमान.

एकदा मी तुझ्या पायाला तेल चोळत होते. अंगठा उचलला तर खड्डा तसाच. तू तो बघून हसत सुटलीस. "बग गो, तुजी आय शिली झाली!" बाजारात तू पापलेट असंच दाबून बघायचीस, खड्डा राहिला की मासळी शिळी, टोपलीच्या बाहेर. मासळीला लावलेला न्याय स्वतःला का नाही लावलास? एका पापलेटासाठी दलालाशी हमरीतुमरीवर यायचीस आणि स्वतःच्या पायाची थट्टा करून मोकळी झालीस! मीही हसले, ते वेगळंच.

आणि तो तेरड्याचा प्रयोग? ग्लासात लाल शाईचं पाणी आणि त्यात एक फांदी. दुसऱ्या दिवशी देठात लाल रेषा चढलेल्या. तू नुकतीच बाजारातून आली होतीस. टोपली खाली ठेवून, भिंतीला टेकून धापा टाकत होतीस. मी ऐटीत सांगितलं, "आये, ह्या जलवाहिन्या. ह्यांतून पाणी मुळापासून पानापर्यंत चढतं."

तू ग्लास उचलून उजेडात धरलास. मग म्हणालीस, "झारान पानी वर चरतं, मंग माजे पायान खाली कशाला उतरतं गो?"

"झाडाला हृदय नसतं आये, तुला काही कळत नाही!"

काय झकास उत्तर दिलं ना मी? तू ते सगळ्या बाजाराला सांगत फिरलीस, पोर किती हुशार म्हणून. अगं, तू विचारलं होतंस! सरळ विचारलं होतंस, आणि मी चाचणीच्या तयारीला लागले. तेव्हा माझ्या एक थोबाडीत का नाही दिलीस? तुला माझी हुशारी जिवापेक्षा प्यारी झाली होती का?

चार महिन्यांनी हॉस्पिटलातले डॉक्टर बाबांवर डाफरले, "हृदयाची झडप कधीचीच खराब झाली आहे. इतके दिवस काय करत होता?" मी बाबांच्या मागेच उभी होते. द्विदल झडप, त्रिदल झडप, नावं मला तोंडपाठ होती. पुढच्या परीक्षेत हृदयाच्या आकृतीला पैकीच्या पैकी मिळाले. पेपर हातात आला तेव्हा तुझं तेरावं होऊन गेलं होतं.

मला एवढंच कळत नाही, की पुस्तकातल्या त्या हृदयाला माणूस का नसतो? त्याला पाय नसतात, दम लागत नाही, बाजारात जायचं नसतं. कुणाचं असतं ते? सरांना हेच विचारलं, तर म्हणाले, "बाई, भावनेच्या भरात बोलू नका." बोलणार! शंभरदा बोलणार!

ऑफिसातून बाहेर आले तर व्हरांड्यात वर्गातली एक मुलगी थांबली होती. मरोळहून येते, कधी तोंड उघडत नाही. म्हणाली, "बाई, माझी आई आडवी झाली की तिला खोकला येतो. ती बसूनच झोपते. त्याचा पण हृदयाशी काही संबंध असतो का?"

मी तिचा पत्ता लिहून घेतलाय. उद्या शाळा सुटली की मी तिच्या घरी जाणार. तिची आई म्हणेल, मला काही झालेलं नाही. तुम्ही सगळ्या हेच म्हणता! म्हणू दे. सरांनी मेमो दिला तर तोही घेईन. पण तिला दवाखान्यात नेल्याशिवाय मी त्या दारातून हलणार नाही, आये.

तुझ्यावर फार फार रागावलेली,
मंदा