नमस्काराची रांग

पडाव, ग्वाल्हेर
१२ जुलै २०२५

ती. विजयाआत्यास निवेदिताचा सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते. काल तुमच्या शाळेत आगीचा सराव घेतला. वरच्या वर्गातल्या अडतीस मुलींना खाली यायला सहा मिनिटं चाळीस सेकंद लागली. दोन मिनिटं पुरायला हवीत. कारण एकच. दारातल्या सरस्वतीच्या तसबिरीपुढे प्रत्येक मुलगी थांबली आणि नमस्कार करून मगच जिना उतरली. शिट्टी झाली की थेट खाली, असं मी सांगितलं होतं. तुम्ही सर्वांदेखत म्हणालात की, नमस्कार न करता जाणारीला विद्या सोडून जाते.

सराव पुन्हा घ्यावा लागेल. बाबा बरे आहेत.

राग माझ्यावर धरा, सरावावर नको.
निवेदिता

नया बाजार
१५ जुलै

चि. निवेदितास आशीर्वाद, तुला नको असले तरी.

बेचाळीस वर्षं मी इथे शिकवते. एका मुलीला खरचटलेलं नाही. तू तीन वर्षं इंदूरला अग्निसुरक्षेचं काय शिकलीस, आत्याला सेकंद शिकवायला आलीस. आमच्या मदतनीस लीलाताई विचारत होत्या, ही भाची आहे की फौजदार. याच वर्गात तुझ्याकडून अक्षर गिरवून घेतलं मी. तेव्हा तूही नमस्कार करूनच उतरायचीस.

सराव पुन्हा होणार नाही. कितीही घाई असो, आधी नमस्कार, हे मी मुलींना बजावलं आहे. गणपतीला जेवायला ये. शिट्टी घरी ठेव.

दादाला माझी आठवण सांग. तुला सांगायचं ते सांगून झालं.
विजयाआत्या

पडाव
१७ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शाळेच्या सुरक्षा दाखल्यावर माझी सही आहे. सराव झाला नाही, तर ३१ जुलैला ती मी मागे घेईन. बाबा म्हणाले, बहिणीच्या शाळेला कुलूप लावशील. मी हो म्हटलं. ही धमकी नाही, तारीख आहे.

उत्तराची अपेक्षा आहे, आशीर्वादाची नाही.
निवेदिता

नया बाजार
२४ जुलै

चि. निवेदितास,

काल दुपारी जिन्याजवळचं मीटर पेटलं. धूर वर चढला. लीलाताईंनी हाकारा केला आणि मुली तू दाखवल्याप्रमाणे भिंत धरून, वाकून खाली पळाल्या. मला वाटलं, एकही थांबली नाही. अंगणात हजेरी घेतली, तर एक कमी. लीलाताई तोंडाला पदर लावून वर गेल्या. सात वर्षांची हर्षिता तसबिरीपुढे हात जोडून उभी होती. खाली आणल्यावर खोकत मला म्हणाली, "बडी बाई, मेरा नमस्कार रह गया था."

आज तिला दवाखान्यातून घरी सोडलं. ती थांबली ती माझ्यामुळे. ते मी तिच्या आईला सांगणार आहे.

आता तुझं. सरावाच्या दिवशी तू घड्याळ बघत होतीस, मुली मोजल्या नाहीस. त्या दिवशी दोघी गैरहजर होत्या. अडतीस हा आकडा तू पटावरून उचललास. खाली आल्यावर मोजायचं असतं, हे तू कोणालाच शिकवलं नाहीस. काल हजेरीपट माझ्या हातात होता, तो तुझ्या पदवीमुळे नाही.

आणखी काही लिहवत नाही.
विजयाआत्या

पडाव
२५ जुलै

ती. आत्यास सा. न. वि. वि.

त्या दोघी गैरहजर होत्या, हे खरं आहे. मी मोजल्या नाहीत. अहवालात दुरुस्ती केली आणि चूक माझी, असं खाली लिहिलं.

सही मात्र आजच मागे घेतली. मीटर बदलून सराव होईपर्यंत शाळा बंद राहील. तुम्ही यासाठी मला माफ करणार नाही, हे धरून चालले आहे.

रविवारी सकाळी दहाला मी टोपी बाजारात हर्षिताच्या घरी जाणार आहे. तुम्हीही त्याच वेळी या. तिच्या आईशी दोघींनी बोलायचं, एकमेकींशी बोललं नाही तरी चालेल. पण पुढच्या वेळी थांबायचं नाही, हे हर्षिताला तुम्हीच सांगा. मी एकदा सांगून पाहिलं. ती तुमचं ऐकते.

लोभाचं नंतर बघू.
निवेदिता