लॅमिनेशन केलेले गिफ्ट कार्ड

दादा,

सातच्या बसने चंद्रपूरला, बुटांच्या दुकानात चालले आहे. भात झाकून ठेवला आहे.

शर्यतीत जिंकलेले ते बुटांचे गिफ्ट कार्ड माझे होते. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "रंजीता, हे ऑनलाईन चालत नाई, दुकानातच जा लागते." चालते! मी कंपनीला फोन करून विचारले. वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाकायचा, मग मागची चंदेरी पट्टी खरवडून तिच्याखालचा पिन टाकायचा. झाले.

पण तू कार्ड चामोर्शीला नेऊन लॅमिनेशन करून आणलेस. वर म्हणतोस, "पान्यानं खराब होईन ना वं!" आधी रेशनकार्ड, मग माझी मार्कशीट, आता हे. मला एकदा तरी विचारलेस का? काल प्लास्टिक सोलले, तर पट्टी आणि तिच्याखालचे आकडेही त्याला चिकटून निघाले. पिन एवढाच उरला आहे:

४ ७ १ _ _ ९

या दोन रेघांत माझे बूट अडकले आहेत, दादा. सोमवारी पोलीस भरतीची धाव आहे आणि जुन्या बुटाचा तळ निघाला आहे. दुकानातही पिन मागतातच, तरी कार्ड दाखवून भांडणार आहे. त्यांनी नाहीच ऐकले, तर तुझ्या बुटांत कापूस कोंबून धावेन. तेच आता घालून गेले आहे. तू आज धानाच्या बांधीत चपलेवर जा.

आणि लॅमिनेशनला न्यायला माझे हॉलतिकीट शोधू नकोस. ते मी सोबत नेले आहे.

रंजीता