सुलक्षणासाठी भरलेली कॅसेट

रविवार, ५ फेब्रुवारी १९८४, मुलुंड
बायको सकाळी साडेदहाला पार्ल्याला माहेरी गेली. कारण क्षुल्लक. ऑफिसातला बर्नार्ड घरी आला होता. तो त्यांच्या मरोळ गावठाणातलं हळदीचं गाणं म्हणत होता, मी टेप करत होतो. गाणं संपेपर्यंत फोडणी देऊ नकोस, एवढंच मी सुलक्षणाला खुणेने सांगितलं. तिने फोडणी दिली नाही. गॅस बंद केला आणि बॅग भरली. बर्नार्ड जेवायला थांबणार होता, तोही गेला.
रेकॉर्डिंग मात्र झकास. सुलक्षणा दोन दिवसांत येईल.

शुक्रवार, १० फेब्रुवारी
आली नाही. भात करपला. बर्नार्ड म्हणाला, यार, जा आणि सॉरी बोलून टाक. सॉरी कशाबद्दल ते त्यालाही नीट सांगता आलं नाही.
त्यापेक्षा माझ्या आवडीच्या गाण्यांची एक कॅसेट भरून पाठवतो. फिल्मी एकही नाही. जात्यावरच्या ओव्या, मालवणी फुगड्या, कोळ्यांची वल्हवतानाची गाणी, बर्नार्डची हळद, शिवाय कॉलेजच्या दोन पोरांनी गिटारवर स्वतः रचलेलं एक. ऐकून विरघळेलच.

रविवार, १२ फेब्रुवारी
शेजारच्या भाऊरावांचा टेप मागून आणला. आपल्या टू-इन-वन टेपवर वाजवायचं, त्यांच्या टेपवर भरायचं. पाठोपाठ भाऊराव स्वतः आले आणि ओवीच्या मध्येच खोकले. मी बघितलं, तर म्हणाले, माणूस आहे, खोकणारच, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा स्वतः पार्ल्याला का जात नाही? या माणसाला गाण्यातलं काही कळत नाही.
प्रत्येक गाण्याआधी माझं निवेदन घातलं. संदर्भ नको का कळायला?

सोमवार, १३ फेब्रुवारी
घड्याळ लावून ऐकलं. निवेदन बेचाळीस मिनिटं, गाणी अठरा मिनिटं. तरी शेवटचं निवेदन बसत नव्हतं. दोन फुगड्या काढल्या. पाठ दुखतेय. आजही डाळ-भातच.

बुधवार, १५ फेब्रुवारी
मेहुणा शिवदास इथल्याच कारखान्यात आहे, पार्ल्याहून रोज येतो. त्याच्याकडे कॅसेट दिली. भावोजी, चिठ्ठीबिठ्ठी काही, असं त्याने विचारलं. म्हटलं, सगळं कॅसेटमध्ये आहे.
घरी आल्यावर आठवलं, ‘परत ये’ एवढं म्हणायचं राहून गेलं. हरकत नाही. निवडीवरून कळतंच.

शनिवार, १८ फेब्रुवारी
शिवदास भेटला. कॅसेट रोज दुपारी लागते म्हणे. रोज! ताई काय म्हणते, असं विचारलं. ताई काय म्हणणार, म्हणाला. म्हणजे होकारच.
तिच्या उशीचा अभ्रा बदलला.

मंगळवार, २१ फेब्रुवारी
शिवदासकडून खुलासा. सासूबाईंना गेलं वर्षभर दुपारी डोळा लागत नव्हता. माझं निवेदन सुरू झालं की चार मिनिटांत घोरतात. गाणं लागलं की मात्र दचकून उठतात. म्हणून पुढच्या वेळी नुसतं बोलणंच भरून पाठवा, असा त्यांचा निरोप. सुलक्षणाचा निरोप नाही.
वाईट वाटलं. कुठल्या खेड्यातून कुठली ओवी मिळवली, आणि झोपतात कुठे, तर माझ्या आवाजात!
पण सासूबाई खूश, तर मुलगी किती दिवस धरून बसेल?

गुरुवार, २३ फेब्रुवारी
ऑफिसला दांडी. साठ मिनिटं सलग बोललो. विषय: पितळी आणि लोखंडी टाळांमधला फरक. मधे मलाच जांभया आल्या. शिवदासकडे दिली. ‘परत ये’ या वेळी घालणार होतो, पण ते ऐकण्याआधीच सासूबाई झोपलेल्या असतील, आणि त्यांना सांगून उपयोग काय.

रविवार, २६ फेब्रुवारी
दुपारी तीनला बेल. सुलक्षणा!
इतका आनंद झाला की दारातून बाजूला व्हायचंच सुचलं नाही. तिने आत येऊन ओट्यावरचा पसारा बघितला, चहा टाकला. दोन कप. मला वाटलं, मिटलं.
चहा संपल्यावर म्हणाली, तिकडच्या शेजाऱ्यांना त्यांचा टेप परत द्यावा लागला, आईची झोप मोडतेय, आपला टू-इन-वन न्यायला आलेय. टू-इन-वन तिच्याच दुबईतल्या थोरल्या भावाने आणलेला.
तिने वायर गुंडाळली. आता बोलायलाच हवं होतं. तीन आठवडे झाले, घर खायला उठतं, ती इथे हवी आहे मला. तोंड उघडलं आणि टेपचं हेड कापसाने कसं पुसायचं ते सांगितलं. स्पिरिट किती घ्यायचं, कुठल्या बाजूने सुरुवात करायची, सगळं.
तिने उभ्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, झालं?
मी म्हटलं, झालं.